पाणी उजव्या हाताला

बाई, तुमच्याविरुद्ध माझी एक तक्रार आहे आणि ती मी संपूर्ण गांभीर्याने मांडते आहे. माझ्या मोज्यांत कुसळं अडकली आहेत. धरणाकाठचं ते गवत दिवाळीच्या सुमारास वाळतं, पळताना घोट्यांना झोंबतं, आणि मग मोजे कितीही धुवा, एखादं कुसळ आत दबा धरून बसलेलंच असतं. परवा मी व्यासपीठावर बसून संस्कृतीच्या ऱ्हासावर चिंतन करत होते. तेवढ्यात एक कुसळ असं टोचलं की मी माइकवर ‘आई गं’ म्हणाले. अध्यक्षांना वाटलं, ऱ्हास मला फारच लागला. या मानहानीला सर्वस्वी तुम्ही जबाबदार आहात. तुम्ही भेटला नसतात तर मी आज माझ्या वयाच्या इतर बायकांसारखी सोसायटीच्या बागेत हळूहळू चालत शेजारणीची निंदा केली असती. निंदा मी तरीही करते, पण तिचे मला पैसे मिळतात.

शाळेत तुम्ही पी.टी.च्या बाई आणि मी पी.टी. चुकवणारी. पोटदुखीची चिठ्ठी मी इतकी सुरेख लिहून आणायचे की एकदा तुम्ही ती वर्गात मोठ्याने वाचलीत आणि म्हणालात, “जीभ चालते तुझी घोड्यासारखी. तिला जरा दम खाऊ दे, आता पाय चालव.” सगळा वर्ग हसला. मी शाळा सुटेपर्यंत तुमचा राग राग केला. मग १९९८ साली कळलं की तुम्ही निवृत्त होऊन मुळशीच्या पाण्याकाठी दोन खोल्या बांधून राहताय. माझा नुकता घटस्फोट झाला होता आणि ‘काय झालं गं?’ असं विचारणाऱ्या माणसांचा मला वीट आला होता. तुम्ही काहीच विचारलं नाहीत. दाराआडचे तुमचे जुने कॅनव्हासचे बूट माझ्यासमोर ठेवलेत. “मापाला येतील. चल.”

तो पहिला दिवस अजून तसाच्या तसा समोर येतो. तुम्ही पुढे पळताय, सलवार गुडघ्याशी खोचलेली, आणि मागे मी, धापा टाकत, मनातल्या मनात तुमच्यावर लेख लिहीत. खाली पाणी, वर डोंगर, मध्ये गुरांची पायवाट. “वाट चुकले तर?” मी विचारते. तुम्ही मागे न बघता म्हणता, “जाताना पाणी उजव्या हाताला, येताना डाव्या. याहून जास्त भूगोल पळणाऱ्या बाईला लागत नाही.” धुकं इतकं की तुमची पाठ दिसेनाशी होते. तेव्हा तुम्ही कू घालायचात, एक लांब आणि लगेच एक तोकडी, आणि मी ओ द्यायचे. वाडीतली एक म्हैसवाली बाई आपल्याला रोज बघायची आणि रोज तेच विचारायची, “कोन मागं लागलंय वं तुमच्या? वाघ न्हाई हितं, आन् नवरं बी दिसत न्हाईत!” पण आपल्या कुकाऱ्यांचं तिला कौतुक वाटायचं. “बराबर करता. दोन हाका मारता. ते एकदाच हाक मारतं. एकल्या हाकंला ओ देऊ नये.” ‘ते’ म्हणजे चकवा, माणसाला एकाच जागी फिरवत ठेवणारा. तुम्ही हसलात. पण त्यानंतर मी पहिल्याच हाकेला घाईघाईने ओ दिली की तुम्ही तुमच्या स्वयंपाकघरात माझ्या पेजेत मीठ घालताना बजावायचात, “दुसरीची वाट बघायची. नियम म्हणजे नियम.” आंबेमोहोराची ती पेज. मला पुढे कुठल्याच हॉटेलात तशी मिळाली नाही. मिळायचं कारणही नाही.

तुम्ही गेलात त्याला आता बरीच वर्षं झाली. पुण्यातल्या दवाखान्यात, पळण्याशी काडीचाही संबंध नसलेल्या आजाराने. मी पळत राहिले. आता पुण्याकडची आयटीतली मुलं तिथे रविवारी येतात. मनगटावर घड्याळ, पाठीवर पाण्याची पिशवी. त्यातल्या एकाने मला ऐकवलं की खरं पळणं म्हणजे लडाखमधल्या सरोवरांभोवतीचं, तिथे हवा विरळ असते. मी म्हटलं, “हो का? इथे माणसं विरळ आहेत, म्हणून मी येते.”

गेल्या वर्षीच्या जुलैत मात्र तिथे कोणीच नव्हतं. पाऊस रात्रभर कोसळून नुकता थांबला होता. उन्हाळ्यात उतरलेलं पाणी परत चढत होतं, आणि धुकं असं की स्वतःचे बूट शोधावे लागावेत. पाणी उजव्या हाताला धरून मी निघाले. एका सखल जागी घोटाभर पाण्यातून छपछप करत गेले. ओढा असेल म्हटलं. पुढे एका बुडालेल्या घराचं उघडं पडलेलं जोतं लागलं, त्यात दगडी उखळ, उखळात पाणी. किती घरं आहेत या धरणाच्या पोटात, तुम्हीच सांगायचात. मी पळत राहिले. थोड्या वेळाने चिखलात बुटांचे ताजे ठसे दिसले. कोणीतरी पुढे पळतंय म्हणून मला बरंसुद्धा वाटलं. मग पुन्हा जोतं आलं. उखळ आलं. मी एका ठशावर पाय ठेवला. तो माझाच होता.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. तो ओढा नव्हताच. ती जमिनीची चिंचोळी पट्टी होती, आणि तिच्यावर पाणी चढत होतं. ती ओलांडून मी एका उंचवट्यावर आले होते, त्याचं आता बेट झालं होतं, आणि तुमचा नियम इमानेइतबारे पाळत मी त्या बेटाभोवती गरगर फिरत होते. बेटाला पाणी सगळीकडून उजव्याच हाताला असतं, बाई. मला पोहता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं. आणि माझे पहिले ठसे आता पाण्याखाली जात होते.

तेवढ्यात कू आली. पाण्याच्या बाजूने, लांब, शेवटी किंचित चिरकलेली. मी दुसरीची वाट बघितली. आली नाही. गार वारा नाही, पान हललं नाही, कुठे बेडूकही ओरडेना. फक्त उखळातलं पाणी काठोकाठ भरून ओघळायला लागलं होतं, पाऊस नसताना. मी उभी होते. नियम म्हणजे नियम. आणि मग मी ओ दिली.

ज्या दिशेने हाक आली होती तिकडे तोंड करून मी पाण्यात उतरले. पोटऱ्या, गुडघे, मांड्या. कमरेशी पाणी आल्यावर मी तुम्हाला एक शिवी दिली, ती इथे लिहीत नाही. पुढचं पाऊल पुन्हा मांडीभर पाण्यात पडलं, मग गुडघाभर. पलीकडे धुक्यात काहीतरी काळं उभं होतं. म्हैस निघाली. शेजारी ती वाडीतली बाई, डोक्यावर इरलं, आता पार म्हातारी.

“तुम्ही हाक मारलीत?” माझे दात वाजत होते.

“म्या कशाला मारू? माजी म्हस काय तुज्यावानी पळत न्हाई.”

“मग मला ऐकू आली ती?”

तिने इरलं मागे सारलं. “एकच व्हती?”

“एकच.”

“आन् तू ओ दिलीस.”

“दिली.”

“लई शानी!” ती म्हणाली. मग म्हशीच्या पाठीवर थाप मारत, बाजारहाटाचं बोलावं तशा आवाजात, “आता तिची एक हाक तुज्याकडं ऱ्हायली. देऊन टाक कदी तरी. आंगावर ठिवू नगं.”

“तिची म्हणजे कुणाची?”

“मला काय इचारतीस? ओ तू दिलीस.”

त्यावर मी एक विनोदी लेख लिहिला. त्यात हाक म्हातारीने मारली, मी चिखलात आपटले आणि म्हैस माझ्याकडे तुच्छतेने बघत राहिली. वाचकांना फार आवडला. म्हशीचं तेवढं खरं होतं.

पण वर्षभर मी त्या बाजूला पळायला गेले नाही. धुकं पडलं की घरातसुद्धा मान तिकडे वळायची, काहीतरी द्यायचं राहून गेल्यासारखी. आपल्या सगळ्या सकाळींत हाक नेहमी तुम्हीच मारलीत, मी फक्त ओ दिली, हेही याच वर्षात लक्षात आलं. हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि असती तरी टाकलं नसतं. तुम्ही वर्गात वाचून दाखवाल.

आज सकाळी गेले होते. धरण तुडुंब आहे, ती पट्टी आणि जोतं सगळं खाली गेलंय. काठावर कोणी नाही असं बघून मी तोंडाशी हात धरले आणि एक कू घातली. एकच. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा बारीक निघाला. नंतर लगेच, ओ यायच्या आत, मी दोन्ही कानांवर हात दाबून धरले, आणि गाडीपर्यंत ते तसेच होते.