खाणीची पूर्वेकडची दरड

मी, या कागदाच्या शेवटी स्वतःच्या हाताने सही करणारी, वय वर्षे बहात्तर, धंदा पूर्वी वीटभट्टी व सध्या काही नाही, हे माझे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने लिहून ठेवत आहे. यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही. माझी शुद्ध जागेवर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले. मी थेट दोनपर्यंत पोचले, तेव्हा ते म्हणाले, "मावशी, एवढं तर मलाही जमत नाही." माझ्यावर कोणाचा दबाव नाही. एकाने आणून पाहिला. त्याचा मजकूर कलम चारमध्ये आहे.

कलम १. राहते घर

दोन खोल्या, स्वयंपाकघर व पुढचा ओटा असे माझे कौलारू घर मी माझ्या एकुलत्या एक मुलास देते. तो याच घराच्या मधल्या खोलीत जन्मला, त्यामुळे याबद्दल कोणी भुवया उंचावण्याचे कारण नाही. विनंती एकच. पन्हळीमागे कौलांच्या फटींत चिमण्यांची तीन घरटी असतात. त्या फटी सिमेंटने बुजवू नयेत. नव्या भिंती इतक्या गुळगुळीत झाल्या आहेत, की चिमणीला चोच खुपसायलाही जागा नाही, आणि वर लोकच विचारतात, चिमण्या गेल्या कुठे? घरट्यांचा कचरा ओट्यावर पडतो ही मुलाची लहानपणापासूनची तक्रार आहे. पडलेला कचरा झाडावा. मी पन्नास वर्षे झाडला, माझे हात झिजले नाहीत.

कलम २. शेड व हत्यारे

विटा सुकवायची शेड, लाकडी साचे आणि घमेली मी आमच्या जुन्या खोदकामगारास देते. तो जेमतेम माझ्या खांद्याला लागतो म्हणून सगळे त्याला लंबू म्हणतात. शेडच्या तुळयांना भिंगऱ्या घरटी करतात. खाणीच्या काठचा ओला चिखल चोचीने गोळी-गोळी करून आणतात आणि वाटीसारखे घरटे लिंपतात. साचा नाही, ओळंबा नाही, आणि आजवर एक घरटे कलंडलेले मी पाहिले नाही. माळ्यावर घुबडांची जोडी आहे. घुबड अपशकुनी असते असे ज्याला वाटत असेल त्याने पोत्यांमागचे उंदीर आधी मोजावेत. लंबूने शेड वापरावी, भाड्याने द्यावी, पण दरवाज्यावरचा झरोका बंद करू नये. भिंगऱ्या आणि घुबडे दोघांचीही ये-जा तिथूनच आहे. वेळा वेगळ्या, म्हणून भांडण नाही. माणसांनाही हे जमले असते, तर या मृत्युपत्राची निम्मी पाने वाचली असती.

कलम ३. मातीची खाण आणि ती आमच्याकडे कशी आली

खाण आता पाण्याने भरलेली आहे, पण तिचा इतिहास कोरडा आहे आणि तो सांगितल्याशिवाय पुढची कलमे कळणार नाहीत.

भट्टी माझ्या यजमानांची आणि त्यांच्या थोरल्या भावाची, भागीत होती. विटांसाठी माती उभी कापत गेले की कापलेली बाजू भिंतीसारखी ताठ राहते. अशा ताठ, गवत नसलेल्या दरडीत खंड्या बीळ करतो, कारण तिथे साप-मुंगसाचा पाय ठरत नाही. चोचीने माती उकरायची, पायांनी मागे लोटायची, असा हातभर बोगदा आणि शेवटी मुठीएवढी खोली. शेजारी वेडे राघू बिळे करतात. त्यांना वेडा कोण म्हणाले देव जाणे. गांधीलमाशी पकडली की तारेवर घासून तिची नांगी काढल्याशिवाय हा पक्षी ती गिळत नाही. एकतीस वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात पूर्वेकडच्या दरडीत मी एकोणीस बिळे मोजली. दुपारी यजमानांचा डबा घेऊन जाई आणि ते जेवेपर्यंत बघत बसे, तेवढाच माझा विसावा.

मी यजमानांना म्हटले, "पिल्लं उडेपर्यंत ही बाजू कापू नका."

"किती दिवस?"

"महिनाभर."

"बरं. तोवर पश्चिमेकडून काढू."

थोरले दीर तिथेच होते. ते म्हणाले, "का? त्या बाजूच्या विटांना पंख फुटणार आहेत?" सगळे हसले, मीही हसले.

नवव्या दिवशी मुलाची दाढ दुखत होती म्हणून मी त्याला दवाखान्यात घेऊन गेले. परत आले, तर दरड नव्हती. तिथे ताजी, ओली, हातभर मागे सरकलेली माती होती आणि खाली ढिगाऱ्यात पिल्ले. खंड्याच्या पिल्लांना आधी पिसे नसतात, सुयांसारख्या निळसर नळ्या असतात. तशी पिल्ले. आणि त्यांची आई की बाप, मला ते दुरून ओळखता येत नाही, चोचीत मासा धरून दरडीसमोरून इकडून तिकडे उडत होती. बसायची, उठायची, पुन्हा तेच. मासा सोडत नव्हती.

यजमान तिथे उभे होते. म्हणाले, "दादाने कापायला लावली."

मी तशीच थोरल्या दिरांच्या दारात गेले. त्यांच्या बायकोसमोर, कामगारांसमोर जे बोलले ते इथे लिहीत नाही. ते फक्त ऐकत राहिले. माझ्यामागे येऊन उभ्या राहिलेल्या भावाकडे त्यांनी एकदा पाहिले आणि म्हणाले, "झालं ते झालं."

दोन महिन्यांत वाटणी झाली. दिरांनी भट्टी आणि सपाट जमीन घेतली. यजमानांनी घर, शेड आणि खाण मागून घेतली. भाऊबंद म्हणाले, याने खड्डा वाटून घेतला. पुढे झरे फुटून खाणीत पाणी चढले. टिबुकल्या आल्या. त्या घरटे सोडून जाताना अंड्यांवर ओले गवत ओढतात, बघणाऱ्याला वाटावे कचरा तरंगतो आहे. पाणकोंबड्या आल्या, काठावर शेपूट हलवत धोबी आले. यजमान दर वर्षी हंगामाच्या आधी पूर्वेकडची दरड फावड्याने तासून ताठ करत. कोणाला हात लावू देत नसत. मला वाटे, माझ्यासाठी करतात. ते नऊ वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या मागे त्यांच्या मृत्युपत्राने खाण माझ्या एकटीच्या नावे झाली.

कलम ४. खाणीची वासलात

माझा मुलगा बांधकामाची ठेकेदारी करतो. कष्टाळू आहे, निर्व्यसनी आहे आणि त्याला कुठेही खोलगट जागा दिसली की ती भरावीशी वाटते.

"आई, तो खड्डा आहे."

"त्यात पाणी आहे."

"खड्ड्यात पाणी असतंच! तिथे गोदाम उभं राहील, तुझं म्हातारपण सुखात जाईल."

"माझं म्हातारपण चालू आहे. सुखात आहे."

गेल्या एप्रिलमध्ये मला न विचारता त्याने राडारोड्याचे ट्रक पाठवले. पहिल्याने माल ओतला तो आवाज मी ओट्यावर ऐकला. स्वयंपाकघरातली खुर्ची उचलली आणि खाणीत उतरणाऱ्या वाटेच्या मधोमध मांडून बसले. दुसऱ्या ट्रकचा चालक म्हणाला, "आजी, बाजूला व्हा."

"तू हो."

त्याने फोन लावला. मुलगा आला. हात जोडले, ओरडला, पुन्हा हात जोडले. मी दरडीकडे बघत बसले, बिळांतून राघू आत-बाहेर करत होते. तेवढ्यात सून आली. ती मोजणी कार्यालयात नकाशे काढते. तिथूनच निघून आली होती. आता नवरा-बायको मिळून मला उचलणार असे मी धरून चालले. तिने स्कूटर ट्रकपुढे आडवी लावली, एक पडलेली वीट ओढून माझ्याशेजारी बसली आणि नवऱ्याला म्हणाली, "ट्रक परत पाठव."

"तू पण?"

"मी पण. आणि मला दुपारी कामावर जायचंय, तेव्हा लवकर ठरव."

ट्रक गेले. एवढ्यावर भागले नाही. मुलगा आठ दिवस आम्हा दोघींशी बोलला नाही, नंतर बोलला ते, "तुझ्यानंतर बघू," असे. तेव्हा सून मला म्हणाली, "आई, खाण माझ्या नावे करा."

"घर फुटेल."

"तुम्हाला मुलाशी भांडता येत नाही. खुर्ची मांडता, पण रात्री त्याच्या आवडीची भाजी करता. मला नवऱ्याशी भांडता येतं. सोळा वर्षं भांडतेय, संसार शाबूत आहे."

वकिलांना मी आधी विचारले होते, की पक्ष्यांच्या नावेच जमीन करता येईल का. ते म्हणाले, येत नाही. मी म्हटले, मग माणसाच्या नावे करते, पण माणूस मी निवडणार. ते असेही म्हणाले, की मालकी दिल्यावर घातलेल्या अटी कोर्टात टिकतीलच असे नाही. म्हणून अटींवर नाही, माणसावर भिस्त ठेवते. मातीची खाण, पाणी, काठ व पूर्वेकडची दरड यांची संपूर्ण मालकी मी माझ्या सुनेस, तिच्या एकटीच्या नावे देते. बँकेतील शिल्लकही तिलाच, खाणीच्या कुंपणासाठी आणि लंबूच्या मजुरीसाठी. पक्ष्यांच्या नोंदींच्या माझ्या वह्या तिलाच.

तिला सूचना पुढीलप्रमाणे. दरड दर वर्षी जानेवारीअखेर तासून ताठ करावी, मार्च ते जुलै तिला फावडे लावू नये. काठचे लव्हाळे एकदम साफ करू नये, निम्मे या वर्षी, निम्मे पुढच्या. खंड्या ज्यावरून सूर मारतो तो वाकडा खांब सरळ करू नये. पहिल्या ट्रकचा ढिगारा तसाच ठेवावा. ट्रक गेल्यावर महिन्याभरात तिथे टिटवीने खड्यांत चार अंडी घातली, विटांच्या तुकड्यांत मिसळून जातील अशी. ती ओरडत अंगावर येईल, पंख तुटल्याचे सोंग करून लंगडत जाईल. तिच्या मागे जावे. ती अंड्यांपासून लांब नेते आहे, तिचे समाधान करावे.

मुलास: तुला वगळले असे समजू नकोस. तुला कष्ट करता येतात, बायको चांगली मिळाली आहे. तुझ्या वाट्याला कमी काही आले नाही. कोर्टात जायचे असेल तर जा. मी खुर्चीवर बसले होते ते कोणाच्या सांगण्यावरून नव्हते, आणि हेही नाही.

कलम ५. एक वैर

थोरल्या दिरांशी मी एकतीस वर्षे बोलले नाही. जाऊबाई गेल्या तेव्हा फाटकापर्यंत गेले आणि परत फिरले. याची मला लाज वाटते आणि ती लेखी असावी.

मागच्या नोव्हेंबरात वकिलांना वाटणीचा मूळ कागद हवा होता. तो दिरांकडे. मी लंबूला म्हटले, तू जाऊन आण, मी त्या माणसाचे तोंड बघणार नाही. लंबू हलला नाही. चपलेच्या अंगठ्याकडे बघत म्हणाला, "मालकीणबाई, दरड मी कापली होती."

"ठाऊक आहे. दादांनी लावली."

"नाही. आपल्या मालकांनी. विटा द्यायची तारीख आली होती, पश्चिमेची माती खडकाळ निघाली. थोरले मालक त्या दिवशी गावातच नव्हते. संध्याकाळी आले, तेव्हा तुम्ही दारात."

मी कागद आणायला स्वतः गेले. दीर आता शहाऐंशीचे आहेत, एका डोळ्याने बघतात. मी बसले नाही. विचारले, "दादा, बोलला का नाहीत?"

बराच वेळ ते कागद शोधत राहिले. मग म्हणाले, "तो तुझ्यामागं उभा होता. मी बोललो असतो तर तुझा संसार मोडला असता. माझा काय, फक्त तुझ्याशी अबोला झाला."

"आणि ते गेल्यावर?"

"गेल्यावर कशाला? मेलेल्या माणसाशी भांडून तुला काय मिळणार होतं? मी जिवंत होतो, माझ्याशी भांडत होतीस. ठीक चाललं होतं."

मी बसले. त्यांनी चहा केला, साखर दोनदा घातली, मी प्याले.

म्हणून या कागदाने ते वैर रद्द करते. ते खोटे होते हे माझ्या मुलाने, सुनेने आणि त्या दिवशी दारात हजर असलेल्या, आज हयात असलेल्या प्रत्येकाने जाणावे. थोरल्या दिरांना हयातीत केव्हाही खाणीकाठी येऊन बसण्याचा हक्क आहे. माझी दुर्बीण त्यांना देते. तिचा डावा डोळा अधू आहे, त्यांचाही डावाच. दोघांचे जमेल.

कलम ६. यजमानांविषयी

ते तासत ती दरड माझ्यासाठी नव्हती, हे आता मला कळते. बावीस वर्षे ते फावडे घेऊन जात आणि एक शब्द बोलत नसत. खाण मागून घेतली तीही भावावरच्या रागाने नाही. मी शेजारी डबा उघडून बसलेली असे. एवढ्या दुपारी होत्या, एखाद्या दुपारी त्यांना सांगता आले असते. नाही सांगितले. आणि दरड मात्र एकाही वर्षी चुकवली नाही.

या दोन्हींचे काय करायचे याचा मी दोन महिने विचार केला. वर लिहिल्याप्रमाणे घर, शेड, खाण, शिल्लक, वह्या आणि दुर्बीण यांची मी व्यवस्था लावली. त्यांना मी माफ केले की नाही, ही एवढी मिळकत मात्र माझी स्वकष्टार्जित आहे. ती मी कोणालाही देत नाही.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला आणि पुढील दोघांसमोर सही केली. या दोघांना या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही, चहा सोडून.

सही: (स्वहस्ते)

साक्षीदार १: डॉक्टर, ज्यांनी दाखला दिला. (सही)
साक्षीदार २: निवृत्त पोस्टमास्तर, शेजारी. (सही) यांनीच मृत्युपत्राची अंमलबजावणी पाहावी. कागद योग्य माणसाच्या हाती पोचवण्याची त्यांना सवय आहे.

स्थळ: राहत्या घराचा ओटा
दिनांक: १५ जानेवारी २०२५, बुधवार, सकाळी साडेदहा