यंदा कोणती भाजी

२६ ऑगस्ट, मंगळवार
दिवसभर दुकानात मंडळांच्या माळा. उद्या गणपती बसणार, सगळ्यांना आजच पाहिजे. पाण्याची मोटार एकही नाही. पाऊस आहे तोवर येणारही नाहीत. सव्वीस वर्षं मोटारी भरतोय, कुणाच्या हाताखाली शिकलो नाही. जळकी मोटार उघडायची, तारेचे वेढे मोजायचे, वहीत लिहायचे. एक वेढा चुकला तरी अजून उकलून पुन्हा भरतो. मंठ्यात माझ्या मोटारीला दुसऱ्यांदा कुणी हात लावत नाही. असा माणूस माळांचे बारके बल्ब तपासत बसला आहे. मान अवघडली.
रविवारी महालक्ष्म्या. स्टँडचा एक पाय हलतो, वेल्डिंग बाकी.

२८ ऑगस्ट, गुरुवार
संध्याकाळी धाकटी, मनू, गणिताची वही घेऊन आली. सहावीत आहे. गेल्या वर्षीच्या नैवेद्याचा फोटो मोबाईलवर मोठा केलेला. म्हणाली, "पप्पा, वाटीचं तोंड साडेतीन इंच. पुरणातला खड्डा त्याच्या सातव्या हिश्शाचा. म्हणजे अर्धा इंच. पिलवंडाचं बोट एवढं जाडं कसं? मी शेजारच्या बाळाचं मोजलं, पाव इंचाच्या वर जराक."
हिशेब बराबर होता. मी पुन्हा करून पाहिला.
थोरली श्रावणी, दहावीची, तिथंच पुस्तक घेऊन. मान वर न करता म्हणाली, "मला तर चौथीतच कळल्तं. तुम्ही शेवटी लायटिंग बघायला आत जाता तवाच."
"मंग बोलली का न्हाईस?"
"तुम्ही किती खुश व्हायचे."
म्हणजे सहा वर्षं मी नाही, तीच मला खेळवत होती.

त्याच दिवशी, जेवणानंतर
लिहून ठेवतो, नाहीतर पुढं मलाच आठवायचं नाही. श्रावणी चार वर्षांची होती. महालक्ष्म्यांपुढं त्यांची लेकरं मांडतो, एक मुलगा, एक मुलगी, आम्ही पिलवंडं म्हणतो. नैवेद्य दाखवून अर्धा तास दार लोटून ठेवतात, लक्ष्म्या जेवतात म्हणून. दार उघडल्यावर श्रावणी रडायला लागली, पिलवंडांनी काहीच खाल्लं नाही, उपाशी राहिली. पुढच्या वर्षी दार लोटायच्या आधी माळ तपासायला म्हणून आत गेलो. पुरणात करंगळी दाबली, पोळीचा कोपरा मोडला, सोळा भाज्यांतल्या एका वाटीतली थोडी कमी केली. दार उघडलं तेव्हाचं तिचं तोंड!
मग दर वर्षी. भाजी परत तीच येऊ नये म्हणून मागच्या पानावर यादी आहे. भोपळा, घोसाळी, गवार... गेल्या वर्षी दोडका. दहा वर्षांत कधी चूक नाही. बोटाची जाडी सोडून.

३० ऑगस्ट, शनिवार
स्टँड एकट्यानं उभा केला. आधी दोघी नटाचे पाने हातात देताना भांडायच्या. श्रावणीची टेस्ट. मनू आली, दोन मिनिटं धरलं, "झालं ना पप्पा?" म्हणून गेली. साडी नेसवायला सौ. एकटीच, पिना तोंडात धरून. साडेसहा फुटांवर आडवा बार, लेव्हल लावून पाहिला. कोण बघणार आहे, तरी पाहिला.

३१ ऑगस्ट, रविवार
आल्या. दारापासून पावलं सौ.ने काढली. "कशाच्या पावलांनी आली?" असं प्रत्येक उंबऱ्यात विचारायचं, मुलींनी "सोन्याच्या" म्हणायचं. म्हणाल्या. वर्गात हजेरी देतात तशा.
नंतर मनू: "उद्या ते करू नका ना पप्पा. आम्ही काय लहान हैत का? मला हसू येतं."
ठीक. ज्यांच्यासाठी होतं त्यांनाच नको. नाही करत. खरं तर हलकं वाटायला पाहिजे. थकवा आहे. परवापासून पाठ.

१ सप्टेंबर, सोमवार
पूजन. सोळा भाज्या, पुरणपोळी, आंबील, फुलोरा. सौ. पहाटेपासून उभी. दिवेलागणीला नैवेद्य. आत गेलो, माळ तपासली. हात खिशात घालून बाहेर आलो. दार लोटलं.
अर्ध्या तासानं सौ.ने उघडलं. आम्ही तिघं मागं उभे.
तिनं पुरण पाहिलं. पोळी उचलून फिरवून पाहिली. मग निरांजन हातात घेऊन एकेक वाटी. सोळाच्या सोळा. पुन्हा पहिल्यापासून. मुली हसायच्या थांबल्या.
"न्हाई घेतलं," ती म्हणाली. आमच्याकडं न बघता. "काहीतरी चुकलं असंल माझंच."
मी आरतीचं ताट धरून उभा. दहा वर्षांत एकदाही मनात आलं नाही की ती पण बघत असेल.

२ सप्टेंबर, मंगळवार
विसर्जन. सकाळपासून गल्लीतल्या बायका: "काय ओ ताई, यंदा कोणती भाजी?" मला वाटायचं ही चेष्टा आहे. चेष्टा नव्हती. देवीनं खाल्लेली म्हणून ती भाजी सौ. द्रोणात घालून प्रसाद वाटायची, ते मी उरलंसुरलं वाटते असं समजत होतो. गेल्या वर्षीचा दोडका तिनं धावड्याला बहिणीकडं पाठवला. भाचीचं कुठं जमत नव्हतं. मार्गशीर्षात लग्न झालं. मीच लायटिंग केली त्या मांडवात.
आज ती बायकांना सांगत होती, "न्हाई बाई, यंदा हात न्हाई लावला." दहा जणींना दहा वेळा.
रात्रीच्या स्वयंपाकात तिचं चालूच. सोवळ्याची साडी वाळत होती तेव्हा कुणाचा हात लागला का. आंबील आधी चाखली का. मागच्या महिन्यात सासूबाईंच्या नावाचं वाढायचं राहिलं, त्याचं तर नाही?
मी म्हणालो, "तसं काही नसतं."
"मंग दर साली कसं व्हायचं?"
उत्तर मला आणि पोरींना माहीत. ताट उचलून मोरीत नेलं.

३ सप्टेंबर, बुधवार
सौ. उपासाचे अकरा शुक्रवार धरणार. कडक, पाण्यावर. हिची शुगरची गोळी चालू आहे. डॉक्टरनं उपाशी राहू नका म्हणून दोनदा सांगितलं. ते म्हटलं तर म्हणे, "डॉक्टरला काय देवी कळती?"
श्रावणी दुकानात आली, शाळेच्या दप्तरासह. गिऱ्हाईक होतं तरी बोलायची थांबली नाही. "पप्पा, तुम्ही सांगा. न्हाईतर मी सांगते."
"तू सांगू नको."
"मंग तुम्ही."
सांगतो म्हणालो. कसं सांगायचं ते सुचत नाही. देवी नव्हती, माझी करंगळी होती, एवढंच वाक्य आहे. पण त्यानं दहा वर्षं जातात. द्रोण जातात. भाचीचं लग्न जातं. गल्लीत ती काय तोंड दाखवणार.
आणि न सांगावं तर ती स्वतःला चोर समजून अकरा शुक्रवार.
गिऱ्हाइकाला मोटार जळाली की मी तोंडावर सांगतो, तुझ्या चुकीनं जळाली. त्याचा अभिमान होता मला.

५ सप्टेंबर, शुक्रवार
दुपारी दुकान बंद करून घरी. सौ. ओसरीत भिंतीला टेकून. सकाळपासून दोन पेले पाणी. हाताला बारीक कंप होता, तांब्या ठेवताना वाजला. मुली शाळेतून आल्या, दोघीही जेवायला बसेनात.
समोर बसलो. "ऐक, त्या वाट्यांचं..."
"अहो, तुम्ही मधी पडू नका. तुम्हाला मोटारीतलं कळतं. ह्यातलं काय कळतं?" मग जरा हसून, "तुमच्या माळा मात्र चांगल्या लागल्त्या यंदा. सगळ्या बाया म्हणल्या."
मी उठलो. लिंबू पिळून साखर-मीठ घालून पाणी केलं, उपासाला चालतं म्हणून पाजलं. अर्धं प्यायली.
मागच्या अंगणात मनू थांबली होती. "सांगितलं?"
"उद्या सांगतो."
मनूनं माझ्याकडं नीट पाहिलं.
"किती वाजता?"