शंभर पानांच्या आतले

जळगाव, सोमवार, ४ ऑगस्ट १९५२

तिसरी कादंबरी संपली. कचेरीची मधली सुट्टी चाळीस मिनिटांची. ब्याण्णव पानांस दोन सुट्ट्या पुरतात. शिपाई लोटन डोकावून म्हणाला, "रावसाहेब, डबा तसाच शे!" — असू दे.

प्रमिलेने शेवटच्या आजारपणात आठ कादंबऱ्या वाचल्या. त्या सर्व मला वाचावयाच्या आहेत. "शंभर पानांच्या आतलंच आणा हो. मोठं माझ्याच्यानं संपायचं नाही." मी तेव्हा हसलो होतो!

दमून जेथे थांबली, तेथे समासात तिच्या नखाची रेघ आहे. या पुस्तकात अशा चौदा.

मंगळवार, ५ ऑगस्ट

परत केलेले पुस्तक ग्रंथपाल गिरधर यांनी फळीवर न लावता बाजूला ठेवले. "कन्याशाळेच्या ताईबाईंसाठी. त्यांनाही वेळ कुठे असतो, नाना? म्हणतात, प्रमिलाबाईंची निवड चांगली; तीच द्या." मग हलक्या आवाजात — "खोकतात फार बिचाऱ्या."

बुधवार, ६ ऑगस्ट

ग्रंथालयाच्या भिंतीवरील नियम सातवा : क्षयरोगी असलेल्या घरातील पुस्तके, सूचना देऊन, जाळण्यास द्यावीत.

डॉक्टर क्षय म्हणाले होते. मी सर्वांस दमा सांगितला. नाही तर तिला पुस्तक कोणी दिले असते? आयुष्यात मोडलेला हा एकच नियम.

कबुलीचा अर्ज लिहिला. आजची तारीख घातली. परंतु तो दिला की आठही जळतील — तिच्या रेघांसह. पाच वाचावयाच्या राहिल्या आहेत. म्हणजे दहा सुट्ट्या.

अर्ज खणात ठेवला.

शनिवार, ९ ऑगस्ट

चौथी. एका सभासदास एका वेळी एकच पुस्तक. आधीचे परत केल्यावाचून पुढचे मिळत नाही. परत केले. गिरधर यांनी ते बाजूला ठेवले. मी पाहिले. पाचवी मागून घेतली.

बुधवार, १३ ऑगस्ट

पाचवी. रेघा आता दर तीन पानांस.

"ताईबाई रजेवर आहेत," गिरधर म्हणाले. "पडल्या पडल्या वाचतात. धाकटी बहीण येऊन नेते."

सोमवार, १८ ऑगस्ट

सहावी.

बुधवार, २० ऑगस्ट

सातवी. दर पानास रेघ. अर्ज खणातच.

शुक्रवार, २२ ऑगस्ट

आठवी. एकाहत्तर पाने. शेवटची रेघ बासष्टाव्या पानावर. पुढील नऊ पाने तिने वाचली नाहीत. मी वाचली.

शेवट चांगला आहे.

शनिवार, २३ ऑगस्ट

अर्ज घेऊन गेलो. ताईबाईंस काल धुळ्याच्या इस्पितळात हलविले — तोंडातून रक्त पडले. त्यांची बहीण पुष्पा सातवी कादंबरी परत करीत होती. "ताईनं उघडलीच नाही, काका. मीच वाचली. अशी पातळ अजून आहेत?"

गिरधर यांनी अर्ज दोनदा वाचला. "तारीख चुकली, नाना. सहा घातलीत; आज तेवीस."

"चुकली नाही," मी म्हणालो.