पापणीच्या रंगाची पेन्सिल

ती. ताईस,

गुडघे वाकतात तेवढा नमस्कार. तुझी कंबर आता कशी आहे? भावजींचा खोकला गेला असेलच, आणि नसेल गेला तर त्यांना सांग, की ज्याला स्वतःचा खोकला आवरत नाही त्याने दुसऱ्यांची लग्नं जमवू नयेत.

तर त्यांच्या त्या विधुर घड्याळजी मित्राला भेटून आले. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी कुणी चहाला बोलावलं म्हणून मी नटणाऱ्यातली नव्हे, हे तुला ठाऊक आहे. पण तुझी लेक! मावशी, तुझे डोळे चेहऱ्यात हरवतात, असं म्हणत तिने मला डोळ्यांच्या पेन्सिली विकणाऱ्या दुकानात ओढत नेलं. (आपल्या वेळी काजळ एकाच रंगाचं असायचं. पसरायचं खरं, पण निदान निवडावं तरी लागत नसे.) तिथल्या विक्रेतीने आधी जांभळी रेघ ओढली. आरशात बघते तर कपाट डोळ्यावर आदळल्यासारखी दिसत होते. मग हिरवी, तिने म्हणे डोळे खुलतात. मला तर मळमळ होत असल्यासारखं दिसत होतं. राखाडीने तर थेट आजारीच. आणि त्या पोरीचं दरवेळी एकच पालुपद, तुम्हाला फारच सूट होतंय. अगं, सगळंच शोभत असेल तर निवडायचं काय, कप्पाळ?

शेवटी कारभार मीच हातात घेतला. इतकी वर्षं रफूचं दुकान चालवतेय, रंग जुळवायला मला कुणी शिकवायला नको. पेन्सिलींचा अख्खा ट्रे उचलून दाराशी उजेडात आणला (विक्रेती चोर समजून मागे धावली), एकेक रेघ मनगटावर ओढून हातातल्या आरशात पापणीशी ताडून पाहिली, आणि बरोब्बर रंग हुडकून काढला. फिकट तपकिरी, किंचित पिवळी झाक. चहाच्या दिवशी दोनदा गिरवली. न्यायला आलेली तुझी लेक माझ्याकडे बघून म्हणते, मावशी, लावली का नाहीस?

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रफूचा धागा दिसला की गिऱ्हाईक भांडायला परत येतं, म्हणून मी जन्मभर न दिसणारंच निवडत आले. इथेही कातडीचा हुबेहूब रंग शोधून, पैसे मोजून घेतला होता. पुसावं म्हटलं तर कुठे पुसायचं तेही कळेना. तशीच गेले.

घड्याळजींबद्दल काय सांगू? डोकं पांढरंफेक आणि मिशी काळी कुळकुळीत, एकाच कोटाला दोन ठाणांतलं कापड. दुकानात असे आले असते तर उसवून परत पाठवले असते. सगळा वेळ घड्याळांच्या स्प्रिंगांबद्दल बोलत होते. (त्यातलं थोडं बरं होतं. एकदा मी हसलेसुद्धा.) मग कप खाली ठेवून म्हणाले, "तुम्ही डोळ्यांना काही लावत नाही, हे मला फार आवडलं. असा साधेपणा हल्ली राहिलाय कुठे?" ताई, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्याला नाकासमोरची रेघ दिसत नाही तो घड्याळं काय दुरुस्त करणार? पुढच्या रविवारी घरी येऊ का, असं विचारत होते. मला वेळ नाही म्हटलं आणि उठले.

तेव्हा भावजींना कळव, हा विषय संपला. पुन्हा कुणाला सुचवू नका.

तुझी धाकटी

ता. क. माझं दुकान रविवारी बंद असतं, हे भावजींनी घड्याळजींच्या कानावर सहज घातलं तर माझी हरकत नाही.

आणखी एक. तुझ्या लेकीने काळी पेन्सिल आणून दिली. गंमत म्हणून लावून पाहिली. ताई, मी चांगली दिसते गं. इतकी वर्षं मला कुणी सांगितलं कसं नाही? तर भावजींनी त्यांना हेही सांगावं, की मी साधी नाही, त्या दिवशीही नव्हते. साधेपणासाठी येणार असाल तर येऊ नका. माझ्यासाठी येणार असाल तर चारला या.