हिरामणसाठी टेबल

१ जानेवारी १९३३, रविवार

नवं वर्ष, नवी डायरी. संकल्प एकच, पण जबरदस्त. या महिन्यात हिरामणला घेऊन विश्रांती भुवनात जायचं. आत. टेबलाशी बसून बटाटेवडा आणि चहा. तो आणि मी, सर्वांदेखत.

वर्तमानपत्रांत रोज सहभोजनांच्या बातम्या. इथे झालं, तिथे झालं. कर्जतनंच काय घोडं मारलंय?

हिरामण आमच्या रेल्वे मालधक्क्यावरचा हमाल, मी तिथला कारकून. जर्मन लढाईत पार इराकात, बसऱ्यापर्यंत जाऊन आलेला. खाण्याचा शौक माझ्याइतकाच दांडगा. दुपारी वॅगन नसली की आम्ही दोघं खाण्याच्याच गोष्टी करतो. तो बसऱ्याच्या कबाबांच्या, मी खंडाळा ते नेरळ सगळ्या हॉटेलांच्या. विश्रांती भुवनाचं पीठ, साखर, बटाटे सगळं त्याच्या पाठीवरून जातं. दारात पोतं उतरवून तो मागे सरतो. अस्पृश्यांसाठी बाहेर कोनाड्यात वेगळे कप आहेत. चहा वरून ओततात. कप ज्याचा त्याने विसळून ठेवायचा.

आज त्याला डिसिजन सांगितला. पाठीवरचं पोतं त्यानं खाली ठेवलं. मग म्हणाला, "खरंच, सायेब?" महिनाअखेर तो कर्जत सोडून कल्याणला कारखान्यात जाणार आहे, बायकोला घेऊन, कायमचा. म्हणाला, "जायच्या आदी एकदा आत बसाया मिळालं तर लय बरं वाटंल. आवडीला बी सांगतो." आवडी म्हणजे त्याची बायको. म्हटलं, बेशक सांग. कर्णिकाचा शब्द आहे.

आज मला स्वतःविषयी फार आदर वाटला.

३ जानेवारी

टेबलाची पाहणी. रस्त्याकडच्या खिडकीजवळचं नक्की केलं. येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना दिसलं पाहिजे. पाहणीत दोन प्लेट वडे गेले. इलाज नाही. नुसतं बसून टेबल अडवता येत नाही.

वडा उत्तम. नारोपंत हॉटेलवाल्याचा हात हिंगाला सढळ आहे.

५ जानेवारी

फेरविचार. खिडकीतून ऊन येतं. हिरामण बिचारा दिवसभर उन्हातच असतो. मधलं टेबल बरं. पुन्हा पाहणी. या वेळी वड्याबरोबर शेव घेतली.

सौ. म्हणाली, हल्ली घरी जेवण जात नाही तुम्हाला. तिला काय सांगणार? समाजकार्यात भूक मरते.

८ जानेवारी, रविवार

आज जायचं ठरलं होतं. गेलो नाही. रविवारी फार गर्दी. गर्दीत सुधारणा केली तर लोकांना वाटतं, हा दिखाऊपणा करतोय. मला दिखाऊपणाची चीड आहे. हिरामण अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून धक्क्यावर आला होता. त्याला नीट समजावलं. म्हणाला, "बरं, सायेब." समजूतदार माणूस.

१० जानेवारी

मधलं टेबल रद्द. तिथे वकीलमंडळी बसतात. खांबामागे एक टेबल आहे. शांत आहे. निवांत खाता येईल. शेवटी महत्त्व कशाला? आत बसण्याला. कुठे बसलो याला नाही.

१२ जानेवारी

नारोपंताशी आज विषय काढला. एकदम नाही. मी मुत्सद्दी आहे. म्हटलं, बाहेरचे ते कोनाड्यातले कप फारच फुटके झालेत हो. तो म्हणाला, खरं आहे, कर्णिक, या आठवड्यात नवे आणतो.

पहिला विजय! थेंबाथेंबानंच होतं हे. हिरामणला सांगितलं. हसला नाही. थकला असावा, आज सिमेंटची वॅगन होती.

१५ जानेवारी

संक्रांतीच्या गडबडीत काल जायचा ठरवलेला मुहूर्त गेला. हिरामण आज आपणहून म्हणाला, "सायेब, इराण्याकडं बसू की. त्यो कुनाची जात इचारत नाय. मस्कापाव खाऊ नि च्या पिऊ, झालं."

मी साफ नकार दिला. इराण्याकडे कोणीही बसू शकतो, मग त्यात सुधारणा ती काय? प्रश्न प्रिन्सिपलचा आहे. जिथे बंदी आहे तिथेच बसायचं. त्याला म्हटलं, कच खाऊ नकोस, मी आहे ना. तो म्हणाला, "तुमी हाय म्हनूनच." वाक्य अर्धंच सोडलं त्यानं. भारावला असेल.

त्याला धीर देऊन मी एकटाच इराण्याकडे गेलो. ब्रून मस्का आज कडक होता.

१९ जानेवारी

खांबामागच्या टेबलाचा पाय डुगडुगतो. मागे, हात धुण्याच्या जागेपाशी, एक बाक आहे. तोही आतच येतो. मोजूनमापून पाहिलं तर छप्पर तेच.

दिवस नक्की: रविवार, २९. वेळ दुपारची, हॉटेल रिकामं असतं तेव्हाची. आता ब्रह्मदेव आला तरी बदल नाही.

२२ जानेवारी, रविवार

हिरामणनं पोपटीला बोलावलं होतं. म्हणाला, जायच्या आधी एकदा आमच्याकडं या. मी तत्काळ हो म्हटलं. खाण्याच्या बाबतीत मी कधी भेदभाव केला नाही. कडावच्या खाणावळीतला तो जळजळीत रस्सा मी खाल्लाय, खंडाळ्याच्या गोऱ्या बेकरीवाल्याचा केक खाल्लाय, खोपोलीला मुसलमानाची बिर्याणी खाल्ली आहे.

संध्याकाळी महारवाड्यामागच्या शेतात गेलो. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वर वालाच्या शेंगा, अंडी, ओवा, जाडं मीठ. मडकं उपडं घालून भोवती जाळ. वास असा की पाय हलेना. माझ्यासाठी वेगळी खाट मांडली होती, तिच्यावर कोरी चादर. मी शेंगांवर ताव मारला. शेंग सालीतच शिजते, कुणाचा हात आतल्या दाण्याला लागत नाही. अर्थात माझा या गोष्टींवर विश्वास नाही. सहज लक्षात आलं एवढंच. अंडी मात्र घेतली नाहीत. अंड्यानं मला उष्णता होते.

मीठ जरा चढलं होतं. एकाएकी उचकी लागली. थांबेना. आवडी लगबगीनं तांब्या घेऊन आली. घासून लखलखीत केलेला तांब्या. "घ्या सायेब, आताच भरून आनलंय." मी म्हटलं, नको, मला तहान नाही. हे सांगतानाही उचकी आली. ती तांब्या पुढे धरून उभी. मी पुन्हा म्हटलं, तहान नाही. पुन्हा उचकी. पलीकडची बायामाणसं बघत होती. हिरामण जाळाकडे बघत होता. शेवटी तिनं तांब्या खाली ठेवला आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, सायेब. घरी जाऊन प्या."

उचकीवर पाणी पिऊ नये असं कुठेसं वाचलेलं मला नेमकं आठवलं, म्हणून नाही प्यायलो. घरी येऊन दोन तांबे रिचवले.

त्या बाईला गैरसमज झाला नसावा. बहुतेक नसावा. का कोण जाणे, जेवताना तिचा तो हात सारखा डोळ्यांपुढे येत होता.

२७ जानेवारी

हिरामण दोन दिवस कामापुरतंच बोलतो. जायची काळजी असणार. आज मीच म्हटलं, रविवार लक्षात आहे ना? तो म्हणाला, "तुमच्या लक्षात हाय ना, सायेब? मग येतो."

२९ जानेवारी, रविवार

सगळं नीट लिहून ठेवतो, म्हणजे उद्या कोणी विपर्यास करायला नको.

जागा धरायला मी आधीच गेलो. बाकावर कोणीतरी भाजीची टोपली ठेवली होती, म्हणून खिडकीजवळ बसावं लागलं. हॉटेल रिकामं असायला हवं होतं, पण कुठल्याशा लग्नाचं वऱ्हाड आलेलं. नुसतं बसणं बरं दिसेना, म्हणून वडे मागवले. कढईतून काढलेले, धगधगीत.

हिरामण आला. लढाईतला खाकी कोट घातला होता, बटणं घासून. रस्त्यापलीकडे आवडी नवं लुगडं नेसून उभी. बघायला आली असणार. तो दाराच्या उंबऱ्यात थांबला आणि माझ्याकडे पाहिलं. मी बोलावलं की आत यायचं, असं ठरलं होतं.

त्याच क्षणी मी अख्खा वडा तोंडात घातलेला होता.

सगळं वऱ्हाड दाराकडे वळून बघायला लागलं. नारोपंत गल्ल्यावरून उठला आणि मला म्हणाला, कर्णिक, हा तुमच्याबरोबर आहे काय? तोंड भाजत होतं. बोलता येईना. मी मान हलवली. वड्याच्या चटक्यानं मान हलते, कोणाचीही हलेल. आडवी हलली हे खरं. पण उभी हलवायचा माझा विचार होता.

हिरामण नारोपंताला म्हणाला, "चुकी झाली, शेट. मी ज्याला बगाय आल्तो, त्यो हितं नाय." आणि उंबऱ्यावरूनच वळला. रस्ता ओलांडून आवडीजवळ गेला. दोघं सरळ निघून गेली.

घास गिळायला मला फार वेळ लागला.

नारोपंतानं पैसे घेतले नाहीत. म्हणाला, वऱ्हाडासमोर तुम्ही माझी अब्रू राखलीत. वर जिलबी ठेवली. मी नको म्हणणार होतो.

३० जानेवारी

हिरामण धक्क्यावर आला नाही. त्याचा हिशेब मुकादमाकडून झाला. माझ्याकडे यायचं त्याला काही कारणही नव्हतं म्हणा.

यात माझी चूक कोणती हे तटस्थपणे तपासलं. गरम वडा मागवायला नको होता. दुसरी सापडत नाही. तरी झोप लागली नाही. फार वाईट वाटतंय. पित्त असावं.

१ फेब्रुवारी

सकाळी सुचलं. तो आत येऊ शकला नाही, तर वडा त्याच्याकडे नेऊ. इतकं सोपं! विश्रांती भुवनातून वड्यांची पुडी बांधून घेतली आणि स्टेशनवर गेलो. नारोपंतानं विचारलं, पाहुणे का? म्हटलं, हो.

दोघं गाडीत बसली होती. मी खिडकीतून पुडी पुढे केली. म्हटलं, हिरामण, प्रवासात खा. त्यानं हात पुढे केला नाही. म्हणाला, "बसऱ्याला नं सायेब, वळखदेख नसलेली मानसं बी हात धरून पंगतीला बसवायची." एवढंच. रागानं नाही. आम्ही खाण्याच्या गोष्टी करायचो, त्याच आवाजात.

पुडी मग आवडीपुढे धरली. ती हात जोडून म्हणाली, "नगं, सायेब. आमाला भूक नाय."

इंजिनानं शिटी दिली. गाडी हलली तरी मी हात तसाच धरून चाललो होतो. खिडकी पुढे सरकली तेव्हा दिसलं, आवडीनं मांडीवरचं फडकं सोडलं होतं. आत भाकरी होती. तिनं तुकडा मोडून हिरामणला दिला आणि दोघं जेवायला लागली.

पुडी घेऊन घरी आलो. सौ.नं विचारलं, एवढे वडे कशाला आणलेत? सांगितलं, उरले होते.