बिब्बा कोणाला द्यायचा नाही

माय,

तुला लिहिता-वाचता येत नव्हतं, मलाही येत नाही. म्हणून मी बोलते आहे आणि माझी नात लिहिते आहे. माझ्या वऱ्हाडीला ती मधूनमधून इस्त्री फिरवते. फिरवू दे, शिकलेली आहे, शिक्षण फुकट जायला नको.

ही इथं अमरावतीत माझ्याजवळच राहते. अठ्ठावीस वर्षांची घोडी झाली आणि काम काय, तर खेळ. कॉम्प्युटरवर लढाईचा एक खेळ आहे. आपल्या गड्याला कोणती तलवार, कोणतं चिलखत दिलं म्हणजे त्याचा वार किती जड बसेल, हे खेळायच्या आधीच मांडून दाखवणारं एक साधन हौशी लोकांनी मिळून बनवलं आहे. त्यात प्रत्येक वस्तूचा गुण ठरलेल्या साच्यातच लिहावा लागतो: काय वाढतं, किती वाढतं, कधी वाढतं. नवी माणसं तिथं चुकतात, म्हणून त्यांच्यासाठी कसं लिहायचं याची पोथीच ही लिहून राहिली आहे. पान झालं की मला वाचून दाखवते. म्हणते, "तुले समजलं आजी, तं साऱ्या दुनियेले समजते." असा माझा मान!

परवा तिनं एका अंगठीचं वाचलं. ती घातली की वार दीडपट होतो, पण अंगात निम्म्याहून कमी रक्त उरलं असेल तेव्हाच. कोणीतरी दीडपट लिहिलं आणि ते 'तेव्हाच' लिहायचं राहिलं. मी विचारलं, "मंग तुही मशीन वरडत नाही काय?"

"नाही ना. अट लिहिली नाही, तं ते नेहमीसाठीच धरते. आकडा मोठा दिसते, माणूस खूश होते, अन् खेळात जाऊन मरते."

"मेला तं?"

"पुन्हा सुरू करते," ती हसून म्हणाली.

मी शेंगा सोलत होते. ताट बाजूला सारलं आणि तिला म्हटलं, तुझी पोथी ठेव, माझं एक पत्र लिही.

वलगावचा आपला मळा. तू वांगी घेऊन एस.टी.नं अचलपूरच्या बाजाराला गेली आहेस. मी चौदा वर्षांची. वहिनी चुलीजवळ बसून खोकते आहे, तिला तिसरा महिना आहे. खोकल्यावर बिब्बा घ्यायला सारं गाव तुझ्याकडे यायचं. बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरायचा, की त्याचं काळं तेल थेंबाथेंबानं खालच्या दुधात पडतं. कोणाला तू तीन थेंब द्यायचीस, कोणाला एक, कोणाला तशीच परत पाठवायचीस. मी विचारलं, "काहून धाडली वापस?" तर म्हणायचीस, "तोंडाकडं पाह्य ना तिच्या."

वहिनी म्हणाली, "बाई, मायजी येईपर्यंत दम नाही निघत. तुमाले येते ना?"

येते म्हणजे? मी तुझी लेक! तिच्या ओठांना आधी तूप लावलं, दिवा लावला, मोजून तीन थेंब पाडले. एकही वाया गेला नाही.

दुसऱ्या दिवशी तिचं पोट दुखायला लागलं. रक्त थांबेना. दवाखाना येईपर्यंत पोटातलंही गेलं आणि तीही गेली.

तू मला मागच्या दारी नेलंस. वाटलं, आता मारते. पण हळूच विचारलंस, "तुले सांगतलं होतं ना मी, पोटुशीले नाही द्यायचा?"

मी म्हटलं, "नाही."

तू खूप वेळ माझ्याकडे पाहिलंस. मग म्हणालीस, "नसंन सांगतलं. माह्यंच चुकलं." आणि घरात जाऊन दादाला सांगितलंस, मीच द्यायला सांगून गेली होती, पोरीनं फक्त माझं ऐकलं. दादानं त्या दिवसापासून तुझ्या हातचं पाणी घेतलं नाही. तो अकोल्याला निघून गेला, तिथंच दुसरा संसार मांडला, आणि आला तो तुला खांदा द्यायलाच. विहिरीवर बाया तुझ्यादेखत म्हणायच्या, सून खाल्ली हिनं. तू मेथी धूत राहायचीस. मी तुझ्या बाजूला बसून जुड्या बांधायची.

सांगितलं होतंस, माय. एकदा नाही, दोनदा. मी विसरलेही नव्हते. पहिला थेंब पडला तेव्हाच आठवलं. पण वहिनी इतक्या कौतुकानं माझ्या हाताकडं पाहत होती, की आता येत नाही कसं म्हणू? एवढ्याशानं काय होते, म्हटलं, आणि पुढचे दोन पाडले.

नात लिहायची थांबली. म्हणाली, "आजी, अकोल्याच्या आजोबाले वाचून दाखवू काय फोनवर?"

मी म्हटलं, नको, म्हातारं माणूस, धसका घेईल. घडी करून तुझ्या कपाटात ठेव.

मग तिला म्हटलं, हेही लिही: ते काही खरं नाही, माय. दादाचं काळीज माझ्याहून धड आहे. पण तू गेल्यापासून दर भाऊबीजेला तो अकोल्याहून येतो, पाटावर बसतो आणि माझ्या हातचं पोटभर जेवतो. तेवढं मला सोडवत नाही.