पुस्तकं उताराला लागली

तीर्थरूप मावशीस,

खुशाली नंतर विचारते. आधी काय घडलं ते क्रमाने लिहिते, म्हणजे तुला मध्येच "मग पुढे काय?" म्हणावं लागणार नाही.

१. वाचनालयाच्या दोन्ही शाखांसाठी मी नवी कार्यपद्धती लिहिली.
२. ती मंजूर झाली. टाळ्याही वाजल्या.
३. वरच्या शाखेतली जाड पुस्तकं खालच्या शाखेत गेली.
४. मग मध्यम जाडीची गेली.
५. खालच्या शाखेतलं एक कपाट कोसळलं. कुणाला लागलं नाही.
६. वरची शाखा बंद करावी का, हे ठरवायला पुढच्या शुक्रवारी समिती येते आहे.

आता खुशाली. तू ठणठणीत असणार, कारण नसतीस तर आईचे मला एव्हाना तीन फोन आले असते. काकांचा खोकला थांबला असेल अशी आशा आहे. मी बरी आहे. एकाच शहरात राहून पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर तू बोलतेस आणि मी "हो" म्हणते, आणि या प्रकरणात नुसतं "हो" पुरत नाही. (कागद माझा आहे, कचेरीचा नाही.)

जुनी पद्धत अशी होती की पुस्तक ज्या शाखेचं, त्या शाखेत ते शेवटी परत जायचं. वाचकाने कुठेही परत केलं तरी आमची गाडी आठवड्यातून एकदा पोती भरून ते आपल्या जागी पोचवायची. पोचवायची म्हणजे, गाडी धड असली की चालक आजारी आणि चालक धड असला की गाडी. पुस्तकं महिनोन् महिने पोत्यात पडून राहायची. मी म्हटलं, पुस्तकाला माहेर-सासर कशाला हवं? जिथे परत आलं तिथेच फळीवर लागेल आणि तिथूनच पुढच्या वाचकाकडे जाईल. संगणकावर वर्षभराच्या देवघेवीचं गणित मांडून मी दाखवलं की पुस्तकं दोन्हीकडे फिरत राहतील आणि समतोल आपोआप टिकेल. ते गणित बरोबर होतं. आजही कुणीही तपासावं. त्यात फक्त शहर सपाट होतं. (आपलं शहर सपाट नाही हे मला ठाऊक होतं, त्याच चढावरून मी दहा वर्षं दप्तर ओढलं आहे. पण चढ भरायला तक्त्यात रकाना नव्हता.)

वरच्या वस्तीतली माणसं सकाळी कामाला खाली येतात. उतरताना बगलेत पुस्तक जड लागत नाही. ते खालच्या शाखेत टाकून मोकळी होतात. संध्याकाळी चढताना एका हातात भाजीची पिशवी आणि दुसऱ्या हातात पोर असतं, त्यात सहाशे पानांची कादंबरी कोण घेणार? घेतलंच तर काहीतरी चोपडं घेतात. त्यामुळे चार महिन्यांत वर उरले ते कवितासंग्रह, बालगीतं, मधमाशा पाळण्याची पुस्तिका आणि एका पाच खंडी कादंबरीचे पहिले तीन खंड. तेसुद्धा सडपातळ म्हणून. निवृत्त पोस्टमास्तर ही कादंबरी वर बसून वाचत होते. तिसऱ्या खंडाच्या शेवटी नायक नदीत पडतो. चौथा खंड खाली. पोस्टमास्तरांचे गुडघे असे आहेत की वरच्या गल्लीतून शाखेपर्यंत येतात तेच खूप, खाली उतरणं त्यांच्याच्याने होत नाही. मी दिसले की ते नमस्कार वगैरे करत नाहीत. एवढंच विचारतात, "निघाला का बाहेर?"

वरच्या शाखेच्या बाई एकट्या ती खोली सांभाळतात. मी पाहणीला गेले आणि म्हटलं, "बाई, फळ्या रिकाम्या दिसतात." तर म्हणाल्या, "रिकाम्या कुठे, ताई? मोकळ्या आहेत. हवा खेळते." समिती येणार हे कळल्यावर त्यांनी प्रत्येक पुस्तक तोंड पुढे करून उभं केलं, म्हणजे एकाने चौघांची जागा अडवायची. मध्ये मध्ये कुंड्या. एका फळीवर त्यांचा जेवणाचा डबा ठेवलेला होता. तो मी काढायला लावला. (दुसऱ्या दिवशी तिथे छत्री होती.)

खाली याच्या नेमकं उलट. पुस्तकं जिन्यावर आली आहेत, खिडक्यांत आली आहेत, आणि वाचक शब्दकोशाच्या खंडांवर बसून वर्तमानपत्र वाचतात. तिथल्या प्रमुखांना सगळे नियमकाका म्हणतात. माझी कार्यपद्धती त्यांनी टेबलाच्या काचेखाली लावून ठेवली आहे. माझं लिखाण इतक्या भक्तीने कुणी वाचेल असं मला वाटलं नव्हतं. मी म्हटलं, "काका, दोनेकशे पुस्तकं वर पाठवू या."

"पाठवू की. कलम चार खोडून आणा."

कलम चार असं आहे की कोणत्याही कर्मचाऱ्याने एका शाखेतलं पुस्तक दुसऱ्या शाखेत हलवू नये. (गाडीचा खर्च वाचावा म्हणून ते घातलं. गाडी आता पाणीपुरवठा खात्याकडे आहे आणि रोज धावते.) मी म्हटलं, कलम नऊप्रमाणे सहा महिने एकही कलम बदलता येत नाही. काका काचेवर वाकले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "वा! काय पक्कं बांधलंय! कुणी लिहिलं हो?" त्यांना माहीत होतं.

कर्मचाऱ्याला मनाई आहे, पण सभासदाला नाही. सभासदाने खालून घेतलेलं पुस्तक वर परत करावं, त्याला कुणाची हरकत नाही, आणि मी सभासदही आहे. तेव्हा सुट्टीच्या दिवशी मी खालून माझ्या वाट्याची चार पुस्तकं घेतली, त्यात तो चौथा खंड, आणि भरलेल्या बसमध्ये पिशवी पायांत धरून वर गेले. बाईंनी ती फळीवर मांडली. पोस्टमास्तर जेवून येणार होते. ते येण्याआधी घड्याळवाले आले. हे गृहस्थ वर राहतात, त्यांचं दुकान खालच्या शाखेला लागून आहे, आणि ते पुस्तक वाचत नाहीत, पितात. चारही घेऊन गेले. दोन दिवसांनी ती चारही खालच्या टेबलावर. मी पुन्हा चढवली, त्यांनी पुन्हा उतरवली. तिसऱ्या खेपेला दारातच भेटले आणि मनापासून म्हणाले, "ताई, तुम्ही आल्यापासून वर काय एकेक पुस्तकं येतात हो!" मी आभार मानले. दुसरं काय करणार होते?

तेवढ्यात नियमकाकांनी तक्रार केली की संग्रह व्यवस्थापक कलम चारचा भंग करत आहेत. कार्यपद्धतीप्रमाणे भंगाची तक्रार संग्रह व्यवस्थापकाकडे येते, म्हणजे माझ्याकडे. मी माझ्याकडून लेखी खुलासा मागवला. सभासद आणि कर्मचारी हा भेद मांडला होता, पण तो मला पूर्णपणे पटला नाही, म्हणून मी स्वतःला समज दिली. काकांना निर्णयाची प्रत पाठवली. "निःपक्षपाती," असा शेरा मारून त्यांनी तीही काचेखाली ठेवली. तेव्हापासून मी पुस्तकाला हात लावून चढ चढू शकत नाही.

मुख्य ग्रंथपाल साहेबांचं म्हणणं सरळ आहे. समिती अहवाल वाचत नाही, फळ्या बघते. निम्म्या तरी भरलेल्या दिसल्या पाहिजेत, नाहीतर ती खोली वीजबिल भरणा केंद्राला जाईल. आणखी दोन महिन्यांनी कलम नऊची मुदत संपते. त्याच दिवशी मी दुरुस्ती मांडणार आहे, मसुदा तयार आहे, या वेळी त्यात चढ धरला आहे. पण शाखाच उरली नाही तर दुरुस्ती कशाची करायची? बाईंना मी सांगितलं की तुमची बदली खाली होईल, नोकरी जाणार नाही. त्या म्हणाल्या, "मी जाईन हो, मला दोन पाय आहेत. वरच्या म्हाताऱ्यांना काय सांगू? वीजबिल वाचा?" 

असो. हे सगळं केवळ माहितीसाठी कळवलं. माझी काळजी करू नये, आणि कोणत्याही मदतीची अपेक्षा नाही. काकांना नमस्कार.

तुझी भाची

ता. क. – वरचं शेवटून दुसरं वाक्य रद्द समजावं. तू रोज पहाटे ज्या दहा-बारा बायकांना शिट्टी वाजवत टेकडी चढवतेस, त्या वाचनालयाच्या सभासद आहेत का ते मी तपासलं. (दोघी नाहीत. त्यांचे अर्ज सोबत जोडले आहेत.) प्रत्येकीने संध्याकाळी खालून चार पुस्तकं घ्यावीत, शक्य तितकी जाड, आणि सकाळी चढताना वर परत करावीत. सोमवार ते गुरुवार. बाई सहाला दार उघडायला तयार आहेत. हे पूर्णपणे नियमात बसतं. नियमकाकांनाही विचारलं. त्यांनी काच पुसून पुन्हा वाचलं आणि म्हणाले, "सभासदाला कोण अडवणार?" मग हळूच म्हणाले, "शब्दकोश आधी न्यायला सांगा."

ता. क. २ – घड्याळवाले शाळेत तुझ्या कवायतीच्या तासाला होते असं कळलं. तुझं नाव काढलं की ते अजून 'सावधान'मध्ये उभे राहतात. (मी दोनदा काढून पाहिलं.) त्यांना तूच सांग की शुक्रवार संध्याकाळपर्यंत वरून काही नेऊ नका. त्यांना दुखवू नकोस. आमच्याकडे त्यांच्याइतकं वाचणारा दुसरा कुणी नाही.

ता. क. ३ – चारही दिवस मी तुमच्याबरोबर चढेन, रिकाम्या हाताने. माझ्यावर शिट्टी वाजवायची नाही. आणि उतरताना कुणीही, वाटेत चाळायला म्हणूनसुद्धा, पुस्तक घेऊन खाली यायचं नाही. हे सगळ्यांना सांगताना स्वतःलाही सांग. किती जणी येतील तो आकडा मला रविवारी संध्याकाळपर्यंत कळव.